धोका काढा, प्रतिकार ठेवा : ज्युदोच्या मॅटवरून रोजच्या जगण्यात काय आणता येतं?

सांजवारा

मार्शल आर्ट शिकलं की शिस्त येते, आत्मविश्वास वाढतो, असं जवळपास प्रत्येक क्लासच्या फलकावर लिहिलेलं असतं. ते नेमकं कशाने घडतं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. चाळिशी जवळ आली तेव्हा मी पुण्यात ज्युदो शिकायला लागले, अजून शिकते आहे. या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर ज्युदोच्या जन्मकथेत सापडलं. ते इथे मांडते. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे पेशाने शिक्षक. अंगाने लहानखुरे. तरुणपणी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या दोन परंपरा शिकले, तेन्जिन शिन्यो-र्‍यू आणि कितो-र्‍यू. १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात त्यांनी स्वतःची शाळा काढली, तीच कोदोकान. जुन्या जुजुत्सूत डोळ्यांवर आणि मर्मावर मारायचे प्रहार होते, सांधे मोडायचे डाव होते. असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने कसे करून बघणार? म्हणून त्यांचा सराव ठरवून करावा लागे. एकाने असा हात टाकायचा, दुसऱ्याने असं पडायचं. समोरचा माणूस खरोखर अडवतोय, निसटतोय, उलटा डाव टाकतोय, ही परिस्थिती त्यात येतच नाही.

कानोंनी हे प्रहार आणि घातक डाव 'काता' म्हणजे ठरीव आकृतिबंधांत जपून ठेवले. फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं, कोपराचा सांधा अडकवणं एवढंच मोकळ्या झुंजीसाठी ठेवलं. त्या झुंजीला 'रान्दोरी' म्हणतात. तिच्यात समोरचा माणूस खरा प्रतिकार करतो आणि तुम्हीही जीव लावून लढता. हे शक्य व्हावं म्हणून सगळ्यात आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, पाठ गोल, हाताची थाप मॅटवर. आणि सहन होईनासं झालं की जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. थाप पडली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. यात चर्चा नाही.

कागदावर बघितलं तर कानोंचे विद्यार्थी कमी घातक डाव शिकत होते. पण जे शिकत होते ते रोज, खऱ्या विरोधाशी, पूर्ण ताकदीने. म्हणून ते त्यांच्या अंगात मुरलं.

मला वाटतं, स्वतःत बदल घडवायला निघालेले आपण बहुतेक जण याच्या बरोब्बर उलट करतो. सराव करतो तो एकट्याने, बंद खोलीत, जिथे कोणी अडवणारं नाही. आणि मग थेट मुलाखतीत, साहेबांसमोर किंवा घरातल्या वादात उतरतो, जिथे पाय घसरला तर नोकरी जाते किंवा नातं तुटतं. म्हणजे सरावात प्रतिकार नाही आणि प्रसंगात सगळाच धोका. मधली जागा, जिथे विरोध खरा आहे पण पडल्यावर उठता येतं, ती आपण बांधतच नाही. ज्युदोची मॅट ही तशी बांधून दिलेली जागा आहे. तिथून उचलायचं ते शौर्य वगैरे नव्हे, ही बांधणी.

माझ्या कामातलं उदाहरण देते. मला ग्राहकांपुढे प्रकल्पाचा खर्च मांडावा लागतो. समोरचे लोक आकडा ऐकताच कपाळाला आठ्या घालतात, मध्येच तोडतात, किंवा काही न बोलता बघत बसतात. आम्ही तिघींनी दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एक खोली धरायला सुरुवात केली. एक जण मांडते, दोघी अडवतात. अडवायचं ते मनापासून, दयामाया नाही. मांडणारी 'पुरे' म्हणाली की लगेच थांबायचं, आणि तिने जिथे अडकली तिथूनच पुन्हा सुरू करायचं. खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही. अडवणारीने शेवटी एवढंच सांगायचं की कुठल्या वाक्याला तिला पकड मिळाली.

यातून जे आलं ते कुठल्याही व्याख्यानातून आलं नसतं. समोरचा गप्प बसला की मी आधी किंमत कमी करायला धावत असे. आता तो गप्प बसला की मी श्वास घेते आणि तशीच थांबते. ज्युदोत समोरच्याचा तोल ढळल्याशिवाय फेक टाकायची नाही, हे पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगतात. तोल ढळायची वाट बघणं हे मी मॅटवर शिकले, पण खर्चाच्या बैठकीत ते आलं ते गुरुवारच्या खोलीमुळे. मॅटवरून ते आपोआप चालत आलं नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही कुठली विद्या शिकला आहात, आणि तिच्यातलं काय बाहेर आलं? काय नाही आलं तेही लिहा.

---

रंकाळाकाठ

ताई, मनापासून लिहिलंय, आवडलं. मी ज्युदोवाला नाही, तालमीतला. कोल्हापुरात वाढलो, मिसरूड फुटायच्या आधीपासून लाल मातीत होतो.

तुम्ही ज्याला बांधणी म्हणता ती आमच्याकडे वस्ताद करतो. सगळ्यात मोठं काम डाव शिकवणं नव्हे, जोड लावणं. आज कोणाला कोणाबरोबर लढवायचं हे वस्ताद बघून ठरवतो. कायम आपल्यापेक्षा हलक्याशी लढलात तर अंगात आळस भरतो. कायम भारी गड्याखाली गेलात तर मन मोडतं, मग पोरगं तालमीला यायचंच बंद होतं. थोडा वरचढ, थोडा बरोबरीचा, थोडा खालचा, असं फिरवून लढवतात. तुमच्या गुरुवारच्या खोलीत ही गोष्ट आहे का? कारण त्याच दोघी दर वेळी अडवणार असतील तर त्यांची सवय होऊन जाईल.

दुसरी गोष्ट माती. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती अशी तशी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, ती रोज खणून मऊ ठेवतात. खणायचं काम पोरांकडेच. ज्या मातीत आज आपण आपटणार आहोत ती आपणच सकाळी भुसभुशीत करायची. सुरक्षित जागा आपसूक राहत नाही, रोज राखावी लागते, हे मी तिथे शिकलो. आज छोटा कारखाना चालवतो. सोमवारी सकाळी कामगारांबरोबर बसतो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं चूक सांगणाऱ्याला कोणी बोलायचं नाही, असा नियम आहे. तो नियम दर सोमवारी नव्याने सांगावा लागतो. एकदा सांगून भागत नाही.

तिसरी गोष्ट, खास तुमच्यासाठी. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्य पदक आणलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच गटात सुवर्ण घेतलं जपानच्या शोहाची इशिईनं. आणि हा इशिई मुळात ज्युदोवाला! युद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे खाशाबांसारखा गोळेश्वर गावच्या मातीतला गडी आणि ज्युदोतून आलेला गडी एकाच गटात आणि दोघंही स्वतःच्या घरच्या जागेवर नव्हते. खाशाबांना मॅटची ओळख मोठ्या स्पर्धेत झाली ती १९४८ साली लंडनमध्ये. तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी पदक. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेता येतं, पण त्यासाठी दुसऱ्या जागेचाही वेगळा सराव लागतो. तुमचं शेवटचं म्हणणं मला या गोष्टीत दिसतं.

---

अबोली_७

वाचते आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, कराटेला जाते. पट्ट्याचा रंग बदलायची परीक्षा आली की घरात बोर्डाच्या परीक्षेसारखं वातावरण होतं. यात तुम्ही म्हणता तसं काही शिकणं होतंय का, असा प्रश्न पडतो. सविस्तर नंतर लिहिते.

---

तर्कट

धागा चांगला आहे, पण मला काही गोष्टी स्पष्टपणे मांडायच्या आहेत. रागावू नये.

मी कॉलेजात असताना एका ठिकाणी काही वर्षं शिकलो. कुठली विद्या, कुठलं शहर, हे सांगत नाही. तिथला सर्वांत तरबेज मुलगा नव्या पोरांना मुद्दाम जोरात आपटायचा. थाप मारली तरी क्षणभर जास्त धरून ठेवायचा. सर बघायचे आणि म्हणायचे, 'घट्ट व्हा.' त्या मुलाची शिस्त उत्तम होती. पहाटे सगळ्यांआधी यायचा, सरांच्या पाया पडायचा. माणूस म्हणून तो क्रूर होता, आणि त्या जागेने त्याला आणखी क्रूर केलं.

हे एका क्लासपुरतं नाही. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानमधल्या शाळांत ज्युदो करताना शंभरावर मुलं दगावली. बरीचशी पहिल्या वर्षाची, नीट पडता न येणारी, डोक्याला मार लागून. २०१२ पासून तिथे माध्यमिक शाळेत युद्धकला सक्तीची झाली तेव्हा या आकड्यांवर मोठी चर्चा झाली, त्यानंतर काळजी घेतली जाऊ लागली. म्हणजे कानोंच्या स्वतःच्या देशात, त्यांच्याच विद्येत, धोका काढलेला नव्हता.

म्हणून माझा मुद्दा असा की मार्शल आर्टमध्ये स्वतःहून काहीही चांगलं नसतं. गुरूला प्रश्न विचारायचा नाही ही संस्कृती असेल तर मुलं अपमान गिळायला शिकतात, आणि तेच पुढे नोकरीत, घरात करतात. 'व्यक्तिमत्त्व विकास' या नावाखाली हे विकलं जातं याचा मला राग आहे.

---

सांजवारा

तर्कट, रागावायचं काय त्यात. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या आकड्यांबद्दल मी वाचलं होतं आणि तेव्हा झोप उडाली होती. तुमच्या प्रतिसादाने माझा मुद्दा खोडला जातो असं मला वाटत नाही, उलट त्याची अट ठळक होते. थापेचा मान राखला जात नसेल तर ती रान्दोरी नाही, मारहाण आहे. मी ज्या ठिकाणी शिकते तिथे एका अनुभवी मुलाने थाप ऐकूनही पकड सोडायला उशीर केला. आमच्या सरांनी वर्ग तिथेच थांबवला आणि पुढचा पूर्ण तास त्या मुलाला फक्त पडण्याचा सराव करायला लावला. ओरडले नाहीत. तो मुलगा आज नवशिक्यांना सर्वांत जपून घेतो.

आणि हो, 'घट्ट व्हा' हे मला अजिबात मान्य नाही. थाप ऐकली गेली नाही की शरीर पुढच्या वेळी आधीच आक्रसतं. आक्रसलेलं शरीर पडतंही वाईट आणि शिकतही नाही. मॅटवर हे डोळ्यांनी दिसतं. धरलेला श्वास, ताठ हात, जमिनीवर टेकवलेला तळवा. ताठ हातावर पडलं की मनगट किंवा गळपट्टीचं हाड जातं. घाबरलेल्या माणसाला आपण 'ढिला हो' म्हणतो, पण ढिलं होण्याइतका भरवसा त्याला आधी मिळायला हवा.

रंकाळाकाठ दादा, जोड लावण्याचा मुद्दा थेट लागू आहे. आम्हा तिघींची खरंच एकमेकींना सवय झाली आहे. कोणती कुठे टोकणार हे आता आधीच कळतं. पुढच्या महिन्यापासून हिशेब विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंना बोलवायचं ठरवते आहे. त्या कोणाचीच भीड ठेवत नाहीत.

---

ईझारकाठी

नमस्कार मंडळी. म्युनिकमधून लिहिते आहे. इथल्या वस्तीतल्या क्लबात ज्युदो करते. इथे साठीचे काका, शाळकरी मुलं, माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या, सगळे एकाच मॅटवर असतात. मी इथे आले तेव्हा माझं जर्मन तोडकंमोडकं होतं. कोणाशी बोलायचं म्हटलं की पोटात गोळा. मॅटवर मात्र भाषेआधी माणूस कळायचा. कोण घाईचा, कोण चिडका, कोण पडताना तुम्हाला सावरतो.

मला जोडीदाराबद्दल लिहायचंय. ज्युदोत एकट्याने फार पुढे जाता येत नाही. शंभर वेळा एकाच फेकीत शिरायचा सराव करायचा तर कोणीतरी शंभर वेळा तिथे उभं राहावं लागतं. मग अदलाबदल. तुमची प्रगती दुसऱ्याने तुम्हाला दिलेल्या शरीरावर उभी असते. दोघांचंही भलं व्हावं हे तत्त्व कानोंनी ज्युदोच्या केंद्रस्थानीच ठेवलं होतं. स्वतःला घडवायचं म्हणजे एकांतात तप करायचं, अशी जी कल्पना आपल्या डोक्यात असते, तिला मॅटवर जागाच नाही.

पण मग प्रश्न येतो की जोडीदार कोणाला मिळतो? केइको फुकुदांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. त्यांचे आजोबा हाचिनोसुके फुकुदा हे कानोंचे जुजुत्सूचे गुरू. १९३५ मध्ये त्या कोदोकानच्या महिला विभागात आल्या. बायकांना पाचव्या दानच्या ('दान' म्हणजे काळ्या पट्ट्यातली श्रेणी) वर जाऊच देत नसत. १९५३ मध्ये पाचवा दान मिळाला आणि सहावा मिळायला १९७२ उजाडलं. पुढे अमेरिकेत शिकवलं, आणि २०११ साली अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोला पदकं मिळू लागली ती १९९२ ला बार्सिलोनात. तर्कटजी म्हणतात ते बरोबर आहे, जागा कोण राखतं आणि कोणासाठी राखतं याकडे लक्ष हवंच.

माझा वापर सांगते. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेआधी क्लबातल्या दोन मैत्रिणींनी (दोघींचा विषय वेगळा) मला जर्मनमध्ये प्रश्न विचारून भंडावून सोडलं. नियम मॅटचेच. अडले की टेबलावर दोनदा थाप. त्या थांबायच्या. मी पाणी प्यायचे, आणि तोच प्रश्न पुन्हा. 'मला हे माहीत नाही' हे वाक्य जर्मनमध्ये न डगमगता म्हणायला मी तिथे शिकले. परीक्षेत ते म्हणावंही लागलं.

---

अबोली_७

ईझारकाठी, अंगावर काटा आला वाचताना.

मुलीला काल विचारलं की क्लासमध्ये सगळ्यात काय आवडतं. मला वाटलं पट्टा म्हणेल. म्हणाली, 'छोट्या मुलांना मी पकडून दाखवते ते.' तिच्या क्लासात वरच्या पट्ट्याची मुलं नव्यांना शिकवतात. मी तिला परीक्षेबद्दलच विचारत बसले होते, हे कधी विचारलंच नव्हतं.

---

सावरकाठी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडण्याच्या सरावाबद्दल थोडं.

नेदरलँड्समध्ये नायमेखनला ज्येष्ठांसाठी पडणं टाळण्याचा एक कार्यक्रम विकसित झाला, त्यात युद्धकलांमधलं पडण्याचं तंत्रही शिकवतात. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर लोकांत पडण्याइतकीच पडण्याची भीती नुकसान करते. भीतीने चालणं कमी होतं, मग स्नायू जातात, मग खरोखर तोल जातो. जाड गादीवर, गुडघ्यावर बसून, आधाराने हळूच एका कुशीवर कलायला शिकवलं तरी काहींच्या चालण्यात फरक पडतो.

कृपया हे वाचून घरी आजी-आजोबांना पाडू नका. हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

---

तर्कट

सांजवारा, तुमच्या सरांची गोष्ट वाचली. आमच्या सरांनी तसं केलं असतं तर मी कदाचित अजून शिकत असतो. अट मान्य.

तरी एक शंका राहते. कार्यालयात, परीक्षेच्या तयारीत ही बांधणी जमते, कारण तिथे सराव आणि प्रसंग वेगळे काढता येतात. घरात काय करायचं? बापलेकाच्या भांडणाची तालीम कुठे करणार? तिथे प्रत्येक शब्द खराच असतो.

---

रंकाळाकाठ

तर्कटराव, लाखमोलाचा प्रश्न. माझा थोरला बारावीला आहे, त्यामुळे टाळता येत नाही.

घरात तालीम होत नाही हे खरं. पण थाप घरात आणता येते. आमच्यात ठरलंय की दोघांपैकी कोणीही जेवणाच्या ताटाजवळ हात आपटून 'थांब' म्हटलं की दुसऱ्याने वाक्य अर्धं सोडायचं. अर्धं म्हणजे अर्धंच. 'एवढं शेवटचं ऐक' चालत नाही. आणि ज्याने थांबवलं त्यानेच दुसऱ्या दिवशी तो विषय पुन्हा काढायचा. ही दुसरी बाजू आम्ही नंतर घातली, कारण नुसतं थांबवणं म्हणजे पळवाट होते. तालमीत थाप मारून घरी जायचं नसतं, पुन्हा हाताला हात लावून उभं राहायचं असतं.

पोरगा हे माझ्यापेक्षा चांगलं पाळतो. मला बाप असल्यामुळे वाक्य अर्धं सोडणं जड जातं. पण तालमीत मोठ्या पैलवानाला पोरं अंगावर घ्यावी लागतात, स्वतःहून पाडून घ्यावं लागतं, त्याशिवाय पोरांना डाव कळत नाही. ते मी पंचवीस किलोनं हलक्या पोरांसाठी केलंय. मग स्वतःच्या पोरासाठी करायलाच पाहिजे.

---

ईझारकाठी

दादा, हे वाचून १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमधली ज्युदोच्या ओपन (वजनाची मर्यादा नसलेल्या) गटाची अंतिम लढत आठवली. नेदरलँड्सच्या अँटन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जपानी प्रेक्षकांसमोर दाबून धरून हरवलं. त्याचे पाठीराखे आनंदाने मॅटवर धावत यायला लागले तेव्हा त्याने हात उंचावून त्यांना अडवलं. आधी वंदन, मग आनंद. हा माणूस जपानमध्ये जाऊन जपान्यांकडूनच शिकला होता. ज्यांनी शिकवलं त्यांनी त्याला हात राखून शिकवलं असतं तर हा दिवस त्यांच्यावर आला नसता. पण मग ज्युदोही जगाचा झाला नसता.

---

अबोली_७

आता मलाच शिकावंसं वाटायला लागलं आहे. घराजवळ एक ज्युदोचा क्लास आहे. पहिल्यांदा जाऊन काय बघायचं? फी आणि वेळ सोडून.

---

सांजवारा

अबोली, आधी नुसतं बसून एक अख्खा तास बघू देतात का ते विचार. नाही म्हणाले तर तिथून परत ये. नवशिक्यांचा कोपरा बघ. पहिले काही आठवडे पडणंच शिकवतायत ना, की दुसऱ्याच दिवशी फेकाफेकी? रान्दोरी सुरू झाली की जिंकणाऱ्याकडे बघू नकोस, थाप मारणाऱ्याकडे बघ. थाप आणि सुटका यांच्यात किती वेळ जातो ते मोज. वर्गातला सर्वांत तगडा माणूस सर्वांत लहान चणीच्या माणसाशी कसा खेळतो ते बघ. जोडीदार कोण ठरवतं, आणि बायका, मोठ्या वयाच्या व्यक्ती, नवीन लोक कडेला उरतात का, हेही.

दुखापत झाली तर काय करता, हे सरांना सरळ विचार. तयार असलेला माणूस ताबडतोब आणि तपशिलात सांगतो. गुडघ्याचं किंवा मानेचं जुनं दुखणं असेल तर सावरकाठींसारख्या कोणालातरी आधी दाखवून घे. नखं कापून जा, कानातलं-गळ्यातलं घरी ठेव. आणि जाऊन आलीस की इथे लिही, तर्कट वाट बघत असतील.